सोनौलीवरून लुंबिनीला जाताय? या चुका टाळा

नागपुरातून लुंबिनीला जाणाऱ्यांचा राबता वर्षभर असतो. बुद्धपौर्णिमा जवळ आली की इंदोऱ्यापासून कामठीपर्यंत वस्तीवस्तीत गाड्या ठरतात, वर्गणी गोळा होते, कोण खिडकीजवळ बसणार यावरून रुसवेफुगवेही होतात. वाट ठरलेली आहे. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून नव्वदेक किलोमीटरवर सीमेवरचं सोनौली, सीमेच्या कमानीखालून पायी पलीकडे नेपाळातलं बेलहिया, मग भैरहवा आणि लुंबिनी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. एवढं कानावर पडलं की पुढचं कोणी ऐकतच नाही, आणि मग नाक्यावर घोळ होतो. हे बहुतेक घोळ घरून निघण्याआधीच टाळता येतात.

"आधार आहे ना, मग झालं!"

नाही झालं. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ च्या खालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना. म्हणजे सत्तरीतल्या आजीचं आधारवर भागेल, तिला हाताला धरून नेणाऱ्या चाळिशीतल्या लेकाचं भागणार नाही. आता खरं सांगायचं तर पायी जाणाऱ्या गर्दीत पुष्कळदा कोणी काही विचारत नाही. "आम्ही आधारवरच जाऊन आलो बाप्पा, काही होत नाही" असं सांगणारा प्रत्येक वस्तीत एक तरी भेटतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पण सशस्त्र सीमा बलाची तपासणी कडक असेल त्या दिवशी तो तुमच्यासोबत नसतो.

कार्ड मूळच न्या. झेरॉक्स जवळ असू द्या, पण ती फक्त मूळ कार्ड हरवलं तर कामाची. मतदार कार्ड घरी राहिल्याचं गोरखपूरला लक्षात आलं तर तिथेच थांबून निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून ई-मतदार ओळखपत्र उतरवून घ्या आणि छापून घ्या. यादीत मोबाइल नंबर जोडलेला असेल तर हे काम लवकर होतं. हे नुसतं फोनमध्ये ठेवून जाऊ नका. नाक्यावर फोन बंद पडला तर दाखवायला काहीच उरत नाही.

कुटुंब एकत्र जात असेल तर थोडी सूट आहे. नवरा-बायको, अल्पवयीन मुलं आणि आईवडील सोबत असतील आणि एका मोठ्या माणसाकडे योग्य कागद असेल, तर बाकीच्यांचं फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा चालतो. रेशन कार्ड इथे उपयोगी पडतं. मात्र ही सूट शेजारच्या काकूंना, भिशीच्या मैत्रिणींना किंवा मंडळाच्या सभासदांना लागू नाही. सहलीच्या बसमध्ये नेमका इथेच गोंधळ होतो. एकाचे कागद अपुरे निघतात आणि अख्खी बस उन्हात खोळंबते. यात्रा नेणाऱ्याने पैसे घेतानाच प्रत्येकाचं कार्ड डोळ्यांनी बघावं, "आहे आहे" यावर भागवू नये.

१५ ते १८ वयाच्या मुलांकडे बहुधा दोन्ही कागद नसतात. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात घ्यावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापक सापडत नाहीत, तेव्हा शाळा सुरू असतानाच हे उरकून घ्या. भाची मामासोबत जात असेल तर आईवडिलांची सही असलेलं पत्र आणि त्यांचे फोन नंबर द्याच. या सीमेवर मानवी तस्करी रोखण्यासाठी पाळत असते आणि परत येताना मुलींची चौकशी जास्त होते. विचारणाऱ्यावर चिडू नका, ते त्यांचं काम करतात.

पाचशेच्या नोटांचं पुडकं

एटीएममधून निघालं तसं पुडकं घेऊन निघणं ही दुसरी चूक. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नियम पुढे सैल झाले तरी दुकानदाराचा हात आखडलेलाच असतो. शंभरची नोट कुठेही खपते. दर ठरलेला आहे, भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०. त्यामुळे किंमत सांगणाऱ्याला प्रत्येक वेळी विचारा, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारता रिक्षात बसलात तर उतरताना हुज्जत ठरलेली. जास्त झालेले नेपाळी रुपये बेलहियातच बदलून या, नागपूरच्या इतवारीत ते कोणी घेणार नाही.

२०२४ पासून नेपाळमध्ये तिथल्या Fonepay नेटवर्कच्या (आपल्याकडच्या PhonePe च्या नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. पण त्याला इंटरनेट लागतं आणि आपलं सिम कमान ओलांडली की गप्प होतं. रोमिंगचा रिचार्ज सीमेच्या अलीकडेच करून ठेवा, पलीकडे गेल्यावर तो करायलाही नेट नसतं. मुक्काम लांबणार असेल तर तिकडचं सिम घ्या. त्यासाठी ओळखपत्र आणि फोटो लागतो.

घरची गाडी

एमएच ३१ ची गाडी थेट नेणार असाल तर बेलहियात भन्सार (म्हणजे नेपाळी कस्टम्स) कार्यालयात पावती फाडावी लागते. आरसी बुक, लायसन्स आणि विमा, सगळं मूळ न्या. गाडी भावाच्या नावावर आणि चालवणार तुम्ही, तर भावाचं अधिकारपत्र सोबत हवं. पावती जितक्या दिवसांची, तितक्याच दिवसांत परत या, नाहीतर दंड बसतो. "एकच दिवस तर आहे" म्हणून पावती न घेता पुढे जाणारे पुढच्या चौकीवर पकडले जातात.

औषधं, आणि परदेशी पाहुणे

झोपेच्या गोळ्या आणि काही खोकल्याची औषधं या सीमेवर संशयाने पाहिली जातात, कारण त्यांची तस्करी होते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि गोळ्या मूळ पाकिटातच राहू द्या. डब्यात सुट्या भरून नेऊ नका.

अमेरिकेतला पुतण्या ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या) कार्डावर सोबत असेल तर त्याला आपला नियम लागत नाही. तो परदेशी नागरिक आहे. त्याला आधी भारतीय इमिग्रेशनमध्ये निर्गमनाचा शिक्का आणि मग पलीकडे नेपाळचा व्हिसा लागतो. १५ दिवसांचा व्हिसा ३० डॉलरला मिळतो. दोन्ही कार्यालयं गर्दीत सहज मागे राहून जातात आणि कोणी हाक मारून थांबवत नाही. शिक्का राहिला तर तसाच मागे फिरून तो घ्या, लुंबिनीला पोचल्यावर हे निस्तरणं कठीण जातं.

वेळेचा हिशेब

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं आणि तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून बँक किंवा कार्यालयाचं काम शनिवारवर टाकू नका. सीमाभागात निवडणूक असेल तर मतदानाआधी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवतात. २०२५ च्या सप्टेंबरात नेपाळमध्ये आंदोलन पेटलं तेव्हाही कित्येक भारतीय यात्रेकरू तिकडे अडकले होते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा आणि गोरखपूरहून परतीचं तिकीट सीमा ओलांडायच्या दिवसाचं काढू नका, दुसऱ्या दिवसाचं काढा. सोनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली की तीन तासांचा रस्ता सहा तासांचा होतो, आणि गाडी चुकली तर बुद्धपौर्णिमेच्या गर्दीत नागपूरचं दुसरं आरक्षण मिळत नाही.