अमेरिकेत मुलांचा शाळाप्रवेश: घर ठरवण्याआधी आणि भारत सोडण्याआधी

अमेरिकेतली सरकारी शाळा मोफत असते. देणगी नाही, पालकांची मुलाखत नाही, आणि एच-४ (नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आलेली मुलंही तिथे बारावीपर्यंत शिकू शकतात. मुख्य अट म्हणजे त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (ठराविक भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) हद्दीत तुम्ही राहता हे कागदोपत्री दाखवता आलं पाहिजे. म्हणून आधी घर घेऊन मग शाळा बघायची हा क्रम महागात पडतो.

शहराचं नाव आणि डिस्ट्रिक्टची हद्द एकच असते असं धरून चालू नका. टेक्सासमध्ये फ्रिस्को आयएसडी या डिस्ट्रिक्टची हद्द प्लेनो, मॅकिनी आणि लिटल एल्मच्या काही भागांत शिरते, तर फ्रिस्को शहरातली काही घरं शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एक, पण हायस्कुलं दोन: एडिसन हाय आणि जे. पी. स्टीव्हन्स. कुठलं मिळणार ते पत्ता ठरवतो. घरभाड्याच्या वेबसाइटवर दिसणारी शाळा पक्की समजू नका. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवरच्या ‘स्कूल लोकेटर’मध्ये घर क्रमांकासह पत्ता टाका आणि मग रजिस्ट्रारला (प्रवेशाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करून दोन गोष्टी विचारा: पुढच्या वर्षी हद्दी बदलणार आहेत का, आणि या शाळेत मुलाच्या इयत्तेत जागा आहे का? नव्या वसाहती झपाट्याने वाढतात तिथे हद्दी पुन्हा आखल्या जातात. काही डिस्ट्रिक्ट शाळा भरली की मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवतात, मग घरासमोर शाळा असूनही मूल बसने लांब जातं.

पत्त्याचा पुरावा म्हणून बहुतेक ठिकाणी भाडेकरार आणि अलीकडचं विजेचं, गॅसचं किंवा पाण्याचं बिल मागतात. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात आणि राहणाऱ्यांत मुलांची नावं असलेली बरी. पहिलं बिल यायला महिना लागतो, म्हणून जोडणी सुरू झाल्याचं वीज कंपनीचं पत्र चालेल का ते आधीच विचारा. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि त्यांच्या घराचे पुरावे लागतात. नुसता त्यांचा पत्ता वापरून स्वतः दुसरीकडे राहणं मात्र कटाक्षाने टाळा. डिस्ट्रिक्ट चौकशी करतात, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात तेवढ्या काळाची फी वसूल करता येते. कंपनीच्या तात्पुरत्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर प्रवेश घेतलात तर कायमचं घर मिळाल्यावर कदाचित शाळा बदलावी लागेल. दीड महिन्यात दोन शाळा लहान मुलाला फार जड जातात.

सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) नसला म्हणून प्रवेश अडत नाही. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९८२च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानंतर व्हिसाच्या स्थितीवरून मुलाला नाकारता येत नाही. वयासाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट चालतो. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून आणा. दाखल्यावर आणि पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग, आडनाव आणि वडिलांचं नाव जुळत नसेल तर दुरुस्ती भारतातच करून घ्या.

प्रवेश सगळ्यात जास्त अडतो तो लसींवर. नियम राज्याराज्यांत वेगळे, पण आपल्याकडच्या मुलांच्या अडचणी त्याच त्याच असतात. आपल्या सरकारी लसीकरणात २०१७पासून एमआर (गोवर-रुबेला) लस आली, तिच्यात गालगुंडाची लस नसते. अमेरिकेत एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लागते. शिवाय एमएमआरचा डोस पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात, त्यामुळे नवव्या महिन्यातला डोस हिशेबात येत नाही. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही, ती राहूनच गेलेली असते. मुलाला कांजिण्या होऊन गेल्या असतील तर डॉक्टरांचं तसं पत्र किंवा रक्तचाचणीचा अहवाल जवळ ठेवा. पोलिओचे १ एप्रिल २०१६पासून दिलेले थेंब धरत नाहीत, इंजेक्शनची लस लागते. पल्स पोलिओचे डोस कितीही झालेले असले तरी उपयोग नाही. टेक्सासमध्ये हेपटायटिस ए हवीच; सहावी-सातवीच्या सुमारास बहुतेक राज्यांत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) लागते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्या. हे अंतर चुकलं तर नंतरचा डोस पुन्हा घ्यावा लागतो.

आता तारखा. आपल्या कार्डावर ०३/०७/२०१९ म्हणजे ३ जुलै, पण शाळेतली नर्स तो ७ मार्च वाचणार. अशा वाचनात डोस वाढदिवसाच्या अलीकडे सरकला की तो रद्द ठरतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर टाइप केलेली यादी घ्या: लसीचं पूर्ण नाव, महिना अक्षरांत लिहिलेली तारीख, सही, शिक्का. नुसतं ब्रँडचं नाव किंवा ‘बूस्टर’ असं लिहिलेलं कोणी ओळखत नाही. टीबीची चाचणी मागितली तर बीसीजी घेतल्याचं सांगा आणि दोन वर्षांवरच्या मुलासाठी रक्तचाचणीचा आग्रह धरा. बीसीजीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि एक्स-रेचा नाहक फेरा मागे लागतो.

इयत्ता साधारण वयावरून ठरते. किंडरगार्टनसाठी (पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी) कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबरपर्यंत, तर नॉर्थ कॅरोलायनात ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. गणितात मूल पुढे असेल तर वेळापत्रक ठरण्याआधी प्लेसमेंट टेस्ट (योग्य पातळीचा वर्ग ठरवणारी चाचणी) मागा. वर्ष सुरू झाल्यावर वर्ग बदलून घेणं अवघड जातं. नववी ते बारावीतल्या मुलांच्या प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह बंद पाकिटात आणा, कारण समुपदेशक त्यावरूनच क्रेडिट (पदवीसाठी पूर्ण झालेल्या विषयांचे गुणांक) मोजतात.

फॉर्ममध्ये घरी कुठली भाषा बोलता हे विचारतात. चाचणी टळावी म्हणून बरेच पालक ‘इंग्लिश’ लिहितात. मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. मग मुलाची इंग्रजीची चाचणी होते, कॅलिफोर्नियात ईएलपॅक, न्यू जर्सीत विडा. चांगलं जमलं तर तिथेच विषय संपतो. नाही जमलं तर शाळा मोफत मदत देते आणि त्याची लेखी सूचना पालकांना मिळते. ही मदत नाकारायचा हक्क आहे, पण वर्षाची चाचणी तरीही द्यावी लागते. मराठी दुभाषा हवा असेल तर मोकळेपणाने मागा. अनेक डिस्ट्रिक्ट फोनवर सोय करतात.

मुलाला बोलायला, वाचायला किंवा लक्ष द्यायला अडचण असेल तर लपवू नका. तपासणीची मागणी ईमेलने लेखी करा. तोंडी बोलण्यावर मुदत सुरू होत नाही. केंद्रीय कायद्यानुसार तुमच्या लेखी संमतीपासून ६० दिवसांत तपासणी व्हायला हवी, राज्याने वेगळी मुदत ठेवली असेल तर ती लागू. गरज ठरली तर मुलासाठी आयईपी (त्याच्यापुरता खास शिक्षण आराखडा) बनतो आणि थेरपीचा खर्च डिस्ट्रिक्ट उचलतं. वयाची तीन वर्षं पूर्ण झाली की शाळेत जात नसलेल्या मुलासाठीही डिस्ट्रिक्टकडे जाता येतं.

भारतात जायची तिकिटं शाळेचं कॅलेंडर बघूनच काढा. कॅलिफोर्नियात वर्षभरात विनापरवानगी तीन पूर्ण दिवसांची गैरहजेरी झाली की मूल कायद्याने ‘ट्रूअंट’ (शाळा बुडवणारं) ठरतं, आणि टेक्सासमध्ये क्रेडिटसाठी ९० टक्के हजेरी लागते. आजी-आजोबांना भेटायला किंवा लग्नाला जाणं साधारणपणे माफ होणारं कारण धरत नाहीत. लांबची रजा असेल तर निघण्याआधी इंडिपेंडंट स्टडीची (रजेत घरून अभ्यास करून हजेरी मिळवण्याची) सोय आहे का ते विचारा आणि मंजुरी लेखी घ्या. काही ठिकाणी सलग बरेच दिवस मूल आलं नाही तर पटावरून नाव कमी होतं. परत आल्यावर पत्त्याचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो, आणि दरम्यान वर्ग भरला असेल तर तीच शाळा मिळेल याची खात्री नसते.