काजूच्या बिया: तोडताना, वाळवताना, भाजताना या चुका टाळा

मे महिन्याच्या अखेरीस गावाहून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या पायाशी एक गोणपाटाची पिशवी असतेच. आत काजूच्या बिया. त्यांचं पुढे काय करायचं हे याला माहीत असणारच, असं देणारी आजी धरून चालते, आणि घेणारा विचारत नाही. आमच्याकडे एका वर्षी त्या बिया गॅसवर, रोजच्या कढईत भाजायला घेतल्या. पाच मिनिटांत घरभर काळा धूर, सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, वरच्या मजल्यावरून विचारणा आली. कढई टाकून द्यावी लागली आणि निम्म्या बियांचा कोळसा झाला.

दोष बियांचा नव्हता. काजूच्या सालीला आत-बाहेर दोन कवचं असतात आणि मधल्या भागात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं. त्या छिद्रांत काळपट, दाहक तेल भरलेलं असतं. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आंबाही त्यातलाच. बिब्बा उततो, म्हणजे अंगाला लागला की चट्टे उठवतो, तसा काजूही उततो, हे लक्षात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

बी मोठी दिसली म्हणून तोडली

ही चूक नवखे हमखास करतात. काजूत बी आधी वाढते आणि बोंड, म्हणजे तिला जोडलेलं फळ, मागाहून फुगतं. त्यामुळे झाडावर हिरवीगार, टपोरी बी दिसते, पण आतला गर अजून पाणचट असतो. पुढे साल टणक आणि राखाडी होते, बी थोडी आकसते आणि मग बोंड रंग धरतं. सुक्या काजूगरासाठी बी हवी असेल तर पिकलेलं बोंड आपोआप खाली पडू द्या आणि रोज वेचा. फांद्या हलवून एका दिवसात झाड रिकामं केलं तर कच्च्या बिया जून बियांत मिसळतात. वाळल्यावर त्या सुरकुततात, आणि व्यापारी मूठभर बिया हातात खुळखुळवून भाव पाडतो. तो चुकत नाही. शंका असेल तर बिया पाण्यात टाका: भरलेली बी बुडते, पोकळ तरंगते.

उसळीसाठी मात्र नेमकं उलट. तिथे साल हिरवी आणि विळीवर सहज कापली जाईल इतपत कोवळी लागते. फार लवकर तोडली तर गर हाताला लागत नाही, उशीर झाला तर साल कापता कापता गराचे तुकडे होतात. पहिल्या चार बिया चिरून बघा, मगच टोपली भरा.

ओल्या बिया कोरड्या हातांनी सोलल्या

हातांना आधी खोबरेल तेल चोपडा, शेजारी चुलीतली राख घ्या. बी उभी दुभागायची आणि टोकदार काडीने गर उचलायचा, नखाने नाही. चीक लागला तर पाण्याने चोळत बसू नका, त्याने तो पसरतो. तेलाच्या बोळ्याने पुसा आणि लगेच साबणाने हात स्वच्छ धुवा. चट्टे बहुतेक वेळा एक-दोन दिवसांनी उठतात, त्यामुळे ‘मला काही झालं नाही’ ही फुशारकी त्याच संध्याकाळी मारू नये. डोळे, ओठ, तोंड सुजलं तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांकडे जा. आणि मुलांना बी दाताने फोडू देऊ नका.

सोललेल्या गराचं तांबूस साल निघत नाही म्हणून लोक ते खरवडत बसतात. गर दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, चिमटीत धरला की साल सुटतं. सुके, सालासकट आणलेले गर रात्रभर भिजवावे लागतात.

वाळवायचा कंटाळा

वेचलेली बी बोंडापासून लगेच पिळून सुटी करा. बोंडाचा लगदा राहिला की बुरशी तिथूनच धरते. मग दोन-तीन कडक उन्हं द्या आणि रात्री झाकून ठेवा, कारण दवाने दिवसभराचं वाळवण फुकट जातं. बी कानाशी हलवल्यावर खुळखुळली म्हणजे झालं. गरम बी थेट गोणीत भरू नका, थंड होऊ द्या. प्लास्टिकच्या पोत्यापेक्षा बारदान बरं, आणि ते जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर.

घरात भाजणं

फ्लॅटमध्ये काजू बी भाजू नका. गॅसवर नाही, ओव्हनमध्ये नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. हे काम घरामागच्या परड्यातलं, तेही वारा पाठीमागून येईल असं उभं राहून.

भोकं पाडलेला जुना पत्र्याचा डबा तीन दगडांवर ठेवायचा, खाली पालापाचोळ्याचा जाळ आणि हातात लांब काठी. सालीतलं तेल सुटलं की ते भडकतं आणि बिया पेटतात. इथे घाबरून पाणी ओतणारे असतात. जळत्या तेलावर पाणी पडलं की ते अंगावर उडतं. डबा काठीने उलटा करा आणि बियांवर माती किंवा राख टाका. लवकर विझवलं तर साल चिवट राहते, उशिरा विझवलं तर गर करपतो. नेमका क्षण हात बसल्यावरच कळतो, त्यामुळे पहिली खेप लहान घ्या. त्या जाळावर दुसरं काही भाजू नका आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

थंड झाल्यावर बी कडेवर उभी धरून दगडाने हलका घाव घाला. आडवी ठेवून ठोकली तर पाकळ्याच हाती येतात. एक किलो बियांतून साधारण पाव किलो गर निघतो. कमी वाटतो, पण कोणी चोरलेला नसतो.

झाडावरच बिघडलेलं

कोवळ्या बियांवर काळे खोलगट डाग, पालवी आणि मोहोर जळाल्यासारखे दिसले तर ते धुक्यामुळेच असं समजू नका. बहुधा ढेकण्या नावाचा किडा रस शोषतोय. नवी पालवी, मोहोर आणि बी धरणं या तीन वेळा तपासणीच्या. फवारणी लागलीच तर मोहोरात मधमाश्या फिरत असताना करू नका. काजूची फळधारणा कीटकांवरच आहे. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला तर मात्र थांबू नका. तो रोठा, म्हणजे खोड पोखरणारा किडा असतो. साल उघडून अळ्या तारेने काढाव्या लागतात, पानं पिवळी पडेपर्यंत वाट पाहिली तर झाड जातं.

पाकीट घेताना

पाकिटावरचा 240 किंवा 320 हा आकडा दर्जाचा नसून आकाराचा आहे: एका पौंडात, म्हणजे साधारण 454 ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात ते. आकडा वाढला की गर लहान. वाटणाला 180 नंबरचे मोठे गर घेणं म्हणजे पैसे पाट्यावर वाटणं. तिथे तुकडा चालतो. ‘कच्चे’ म्हणून मिळणारे काजूही बहुधा सालीतच वाफवून किंवा भाजून मग काढलेले असतात. ज्याला पिस्त्याची ॲलर्जी आहे त्याला विचारल्याशिवाय काजू देऊ नका, दोघं एकाच कुळातले.

गरात जवळजवळ निम्मी चरबी असते, म्हणून उघड्या डब्यात तो खवट होतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर गरावर बाष्प धरतं आणि तो मऊ पडतो.