१९६५ची 'फनी कार' : १:२५ मापाचे मॉडेल घरी कसे बनवावे

१९६५ साली क्रायस्लर कंपनीने ड्रॅग रेसिंगसाठी काही डॉज कोरोनेट आणि प्लिमथ बेल्व्हेडेअर गाड्यांचा मागचा एक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे सरकवला. बॉडी शोरूममधल्या गाडीसारखीच, चाके मात्र भलत्याच जागी. फनी कार हा प्रकार इथून सुरू झाला. या गाडीचे मॉडेल करताना रंग, क्रोम, अक्षरे हे सगळे नंतरचे. चाके बरोबर त्या मिलिमीटरवर बसली नाहीत, तर उरलेली मेहनत वाया जाते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मापांना आणि कापण्याला दिली आहे.

चाके सरकवली कशासाठी, हे आधी समजून घ्या, म्हणजे मॉडेलमध्ये कुठे तडजोड चालते आणि कुठे नाही ते आपोआप कळते. शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, आणि सुरुवात उभ्या गाडीने. त्या काळच्या टायरांना पकड कमी होती. इंजिन ४२६ घनइंचाचे हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचे, बक्कळ ताकदीचे. मागची चाके जागच्या जागी फिरू नयेत म्हणून त्यांच्यावर वजन हवे. साधा हिशोब बघा. प्लिमथ बेल्व्हेडेअरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर, ११६ इंच. समजा गाडीचे ५४ टक्के वजन पुढच्या चाकांवर आहे, तर गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या सुमारे ६२.६ इंच पुढे येतो. मागचा एक्सल १५ इंच पुढे आणला की हे अंतर ४७.६ इंच होते आणि व्हीलबेस १११ इंच. आता पुढच्या चाकांवर उरले ४३ टक्के, मागच्यांवर गेले ५७. एक्सलचे स्वतःचे वजनही सरकते, ते इथे धरलेले नाही. गाडी सुटताना वजन आणखी मागे जाते ते वेगळेच.

मापे लिहून भिंतीला चिकटवा. १:२५ मध्ये १५ इंच म्हणजे १५.२ मिमी, १० इंच म्हणजे १०.२ मिमी. प्लिमथचा मूळ व्हीलबेस ११७.९ मिमी, बदललेला ११२.८ मिमी. किट १:२४ चा असेल तर एक्सल १५.९ आणि १०.६ मिमी सरकवा. १:२५ ची मोठी सोय अशी की १ मिमी म्हणजे जवळजवळ १ इंच, त्यामुळे जुन्या फोटोवरून अंदाज बांधणे सोपे जाते.

आधी महिना ठरवा, मग इंजिन

१९६५च्या मोसमात या गाड्या झपाट्याने बदलल्या. एनएचआरए या संघटनेने त्यांना आपल्या फॅक्टरी एक्सपेरिमेंटल वर्गात घेतले नाही. मग त्या एएचआरए या दुसऱ्या संघटनेकडे आणि मॅच रेसकडे, म्हणजे दोन नामवंत गाड्यांच्या ठरवून लावलेल्या शर्यतींकडे वळल्या. तिथे नियम सैल होते. मोसमाच्या सुरुवातीला बोनेटखाली दोन चार-बॅरल कार्ब्युरेटर होते. पुढे हिलबॉर्न फ्युएल इंजेक्शन आले, त्याचे आठ उभे नळे बोनेटच्या वर दिसू लागले, आणि पेट्रोलच्या जागी नायट्रोमिथेन हे शर्यतीचे इंधन आले. नळे दिसणारी गाडी हवी असेल तर बोनेटला भोक पाडावे लागेल, कार्ब्युरेटरची हवी असेल तर वर हवेचा स्कूप लागेल. दोन्ही एकाच गाडीवर लावू नका. शर्यतपटू डिक लँडीची डॉज किंवा सॉक्स आणि मार्टिन या जोडीची प्लिमथ करायची असेल तर एकाच शर्यतीच्या दिवसाचे फोटो समोर ठेवा.

१९६६ची डॉन निकल्सनची मर्क्युरी कॉमेट ही पुढची पायरी. तिला नळ्यांची चेसिस होती आणि फायबरग्लासची बॉडी एका तुकड्यात वर उचलली जायची. तिची चेसिस सगळी हाताने बनवावी लागते, त्यामुळे पहिल्या मॉडेलला ती घेऊ नका.

सामान

मूळ किट १९६५च्या दोन दाराच्या प्लिमथ बेल्व्हेडेअर किंवा डॉज कोरोनेटचा, कोणत्याही कंपनीचा चालतो. त्याशिवाय ०.२५, ०.५ आणि १ मिमी जाडीची पॉलिस्टायरीन शीट लागते. प्लास्टिक शीटच्या व्यापाऱ्याकडे ती 'हिप्स शीट' म्हणून मागा. स्टेशनरीच्या दुकानातला सनबोर्ड घेऊ नका. तो पीव्हीसी फोम असतो, पॉलिस्टायरीनचे सिमेंट त्याला धरत नाही आणि घासल्यावर बारीक भोके उघडी पडतात. बारीक दात्यांची करवत, सुई कानशी आणि हाताने फिरवायचे छोटे ड्रिल यांसाठी नागपुरात इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनारकामाची हत्यारे बघा. छंदाच्या दुकानातल्या हत्यारांपेक्षा ती बहुधा जास्त टिकतात. वॉटर पेपर ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे घ्या. प्लास्टिक सिमेंट पाण्यासारखे पातळ, ब्रशने लावायचे हवे. फेविक्विक फक्त धातूचे भाग चिकटवायला आणि फटी भरायला.

बॉडी कापणे

इथे घाई केली तर किट गेला म्हणून समजा.

मागच्या चाकाची कमान पुढे आणायची म्हणजे तिच्यापुढची पट्टी काढून तिच्यामागे लावायची. कमानीच्या पुढच्या कडेपासून दाराच्या दिशेने १५.२ मिमीवर पहिली उभी रेघ मारा. दुसरी कमानीच्या पुढच्या कडेला, तिसरी मागच्या कडेला. आडवी रेघ कमानीच्या माथ्यावर २-३ मिमी सोडून, पण बॉडीच्या बाजूने लांबवर जाणाऱ्या उठावाच्या खाली ठेवा. हा उठाव कापला गेला तर तो पुन्हा सरळ जुळवणे फार जड जाते. आता हाती दोन तुकडे येतात, एक १५.२ मिमीची पट्टी आणि एक कमान. कमान आधी लावा, पट्टी तिच्यामागे. नवीन काही बनवावे लागत नाही.

पहिली रेघ दाराच्या फटीच्या पुढे जाते का, ते करवत हातात घेण्याआधीच तपासा. काही किटमध्ये कमान दारापासून जेमतेम १३-१४ मिमीवर असते. तसे असेल तर दाराची खालची मागची कड कमानीच्या गोलाईने कापून पुन्हा कोरावी लागेल. माप कमी करून पळवाट काढू नका. १२ मिमी सरकवलेली गाडी नुसती बिघडलेल्या किटसारखी दिसते.

चारही कोपऱ्यांवर आधी १ मिमीचे भोक पाडा, म्हणजे चीर पुढे पळत नाही. उभे काप करवतीने करा. आडवा काप करवतीने करायला जागा नसते, तो कटरच्या टोकाच्या उलट्या बाजूने ओढत करा. पंधरा-वीस हलक्या ओढींत प्लास्टिक सुटते. जोर लावला की पाते घसरते आणि दारावर ओरखडा पडतो.

करवतीचा प्रत्येक काप ०.२५ ते ०.३ मिमी प्लास्टिक खातो. तीन उभ्या कापांत जवळपास पाऊण मिलिमीटर जाते. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवले तर ही सगळी फट एका टोकाला जमते आणि कमान चुकीच्या जागी बसते. म्हणून प्रत्येक सांध्यात ०.२५ मिमी शीटची कात्रण घाला. सांध्याच्या आतल्या बाजूने ०.५ मिमी जाडीची, ५ मिमी रुंदीची पट्टी आधार म्हणून चिकटवा. हा आधार दिला नाही तर घासताना सांधा हमखास तडकतो.

एक बाजू पूर्ण करून वाळू द्या, मगच दुसरी कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी मधूनच पिळवटते. दुसऱ्या बाजूच्या रेघा मारताना मोजमाप मागच्या बंपरपासून घ्या आणि दोन्हीकडे कॅलिपर लावून पडताळा. ०.३ मिमीपर्यंतचा फरक डोळ्याला कळत नाही.

पुढच्या मडगार्डला हीच रीत, फक्त उलट. कमानीपुढची १०.२ मिमी पट्टी काढून कमानीच्या मागे लावा. बंपरकडची खालची कड आणि दाराकडची खालची कड एका उंचीला नसतात, त्यामुळे सरकवलेली पट्टी खाली लोंबते. ती कानशीने उंबरठ्याच्या रेषेला आणा. मागच्या पट्टीलाही हेच करावे लागेल.

सिमेंट लावल्यावर २४ तास हात लावू नका, पावसाळ्यात ४८. वरून कोरडे वाटले तरी आतले प्लास्टिक मऊ असते. लगेच घासून रंगवले तर दोन-तीन आठवड्यांनी सांधा आत बसतो आणि रंगाखाली रेघ उमटते. अशी रेघ आली तर रंग काढून पुन्हा भरण्याशिवाय इलाज नाही.

भरायला गॅरेजमधली एक डब्याची एन. सी. पुट्टी वापरू नका. तिचा थिनर पातळ प्लास्टिक मऊ करतो आणि वाळताना ती आकसते. हार्डनर मिसळायची पुट्टी चांगली. प्रमाण ५० ग्रॅमला साधारण १ ग्रॅम हार्डनर. उन्हाळ्यात याच्या निम्मे पुरते, नाहीतर पसरवण्याआधीच घट्ट होते. थर १ मिमीपेक्षा जाड नको. बारीक फटीसाठी फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवा, पण तासाभरात घासून टाका. दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना आजूबाजूचे प्लास्टिक झिजून भरलेला भाग उंच राहतो.

चेसिस आणि गाडीची उभी राहण्याची ढब

मागचा एक्सल, पाटे आणि चाकांचे आतले कप्पे चेसिसवरून एका तुकड्यात कापून १५.२ मिमी पुढे आणा. इंजिन जागेवरच राहते, म्हणून प्रोपेलर शाफ्टही तेवढाच आखूड करा. तो मधून कापा, टोकांचे जॉइंट तसेच राहू द्या. पुढचा क्रॉसमेंबर १०.२ मिमी सरकवल्यावर तो इंजिनच्या ऑइल पॅनला भिडतो का ते पाहा.

चाकांचे कप्पे आता मागच्या सीटच्या जागी येतात. खऱ्या गाडीत ती सीट नव्हतीच. तिथे ०.५ मिमी शीटची सपाट फरशी घाला आणि बॅटरी डिकीत ठेवा. पुढच्या सीटही हलक्या, डॉजच्या ए-१०० व्हॅनच्या होत्या. किटमधली जाड गाद्यांची सीट इथे शोभत नाही.

गाडीचे नाक थोडे वर हवे. मूळ उंचीपेक्षा पुढून ३ मिमी उचलले की पुरते. ५ मिमीच्या वर गेलात तर ती त्याच काळातल्या गॅसर या उंच नाकाच्या ड्रॅग वर्गाची गाडी वाटू लागते. मागचे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर १० मिमीच्या आसपास रुंद घ्या. किटच्या डब्यात अनेकदा सत्तरच्या दशकातले रुंद स्लिक येतात, ते कमानीबाहेर येतात आणि काळही चुकवतात.

इंजिन

हेमीचे स्पार्क प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध बसतात, बाजूला नाही. प्रत्येक कव्हरवर चार, ०.५ मिमीच्या ड्रिलने भोके पाडा. प्लगच्या वायरसाठी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली ३० नंबरची तांब्याची तार घ्या. ती ०.३१ मिमी जाड असते, म्हणजे मापात ८ मिमीची वायर. कातरणीतला हातभर तुकडा पुरतो. इंजेक्शनचे नळे २.४ मिमी ॲल्युमिनियम नळीचे, चारच्या दोन ओळींत. सगळ्यांची उंची सारखी यावी म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात तेवढ्याच खोलीचे भोक पाडून नळी त्यात घालून कापा. प्लास्टिकच्या काड्या वापरू नका, त्या बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या असतात, त्यांना ना गोंद धरतो ना रंग.

नागपुरात रंग कधी मारावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडीच्या सकाळी स्प्रेचा डबा दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात कधीच नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा रंगाचा थेंब हवेतच वाळतो आणि बॉडीवर खरखरीत पावडर बसते. त्या दिवसांत पहाटे सहाच्या आत काम उरका आणि अंतर २५ सेंमीवरून १५-१८ सेंमीवर आणा.

खोली थंड व्हावी म्हणून कूलर लावून रंगवू नका. कूलरची हवा ओलसर असते, त्यामुळे लॅकरवर पांढुरका धुरकटपणा येतो, आणि वाळ्याच्या ताट्यांतले तंतू उडून ओल्या रंगावर चिकटतात. पावसाळ्यातही हाच धुरकटपणा येतो. तो थोडा असेल तर कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा एक हलका हात मारल्यावर बहुधा जातो.

गाड्यांचा ॲक्रिलिक लॅकर स्वस्त आणि चमकदार असतो, पण थेट प्लास्टिकवर मारला तर पृष्ठभाग चुरगळतो. आधी किटच्या फ्रेमच्या तुकड्यावर प्रायमर मारून बघा. प्रायमरचे तीन हात धुक्यासारखे हलके, मध्ये १५ मिनिटे. ते वाळल्यावर ८०० च्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा, मग रंग. रंगवलेली बॉडी वाळवायला गच्चीवर उन्हात ठेवू नका. मेमध्ये बंद डब्यात किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर पातळ खांब वाकतात.

अक्षरे आणि टायर

दारावरच्या मोठ्या अक्षरांसाठी नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमच्या दुकानात जा. मजकूर व्हेक्टर फाइलमध्ये द्या आणि कापलेले अक्षर नाही, तर अक्षर काढून उरलेला कागद मागा. रेडियमचा थर या मापात फार जाड दिसतो, म्हणून तो स्टिकर म्हणून न लावता स्टेन्सिल म्हणून वापरा. ३ मिमीपेक्षा लहान अक्षर प्लॉटरच्या पात्याला नीट जमत नाही, तेवढ्यासाठी वॉटर-स्लाइड डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे छापील चित्र घ्या. स्टेन्सिल चिकटवल्यावर आधी पारदर्शक लॅकरचा एक हलका हात मारा, मग रंग. कडेखालून जे झिरपायचे ते पारदर्शकच झिरपते आणि अक्षराची कड धारदार येते. रंग पूर्ण वाळण्याआधी, अर्ध्या तासाच्या आत स्टेन्सिल काढा.

टायर सगळ्यात शेवटी. किटचे टायर मऊ व्हिनाइलचे असतात, त्यातले तेल हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरीनचे चाक वितळवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लवकर होते. चाकाच्या ज्या भागाला टायर टेकतो तिथे चिकट पाठीचा पातळ ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, आणि टायर ज्या तळावर उभे राहतील तो तळ प्लास्टिकचा नव्हे, लाकडाचा घ्या.