मृगाआधी कुंड्यांच्या नावाच्या पट्ट्या, काय काय जमवून ठेवायचं

मे संपायच्या आत पट्ट्या तयार हव्यातच, कारण एकदा बिया लावायला बसलो की हात मातीने भरलेले असतात आणि "नंतर लिहू" म्हटलेलं राहूनच जातं, मग दोडका कुठला नि घोसाळं कुठलं ते फळ धरेपर्यंत कळत नाही, आणि मिरचीच्या रोपांचं तर विचारूच नका, ज्वाला काय, भावनगरी काय, सिमला काय, सगळी सारखीच दिसतात.

श्रीखंडाचे, दह्याचे, आइस्क्रीमचे पांढरे डबे आत्तापासूनच धुवून बाजूला ठेवा. साधारण १५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद पट्ट्या कापायच्या आणि एक टोक तिरकं, म्हणजे मातीत सहज जातं. आइस्क्रीमच्या काड्या नकोच, आपल्या पावसात कुजतात.

आता लिहायचं कशाने, हे महत्त्वाचं. परमनंट मार्कर नावालाच परमनंट, गच्चीवरच्या उन्हात काही महिन्यांत उडतो. मऊ पेन्सिल घ्या, ४बी किंवा ६बी, शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते उन्हाने फिकं पडत नाही. फक्त गुळगुळीत प्लास्टिकवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून थोडा पॉलिश पेपर आणून ठेवा आणि पट्टी आधी घासून घ्या. आणि नाव दोनदा लिहायचं, एकदा वर आणि एकदा मातीत जाणाऱ्या भागावर, वरचं पुसलं तरी उपसून वाचता येतं. नावाखाली पेरल्याची तारीख आणि बी कुठून आणलं तेही लिहा, पुढच्या वर्षी हीच माहिती सगळ्यात जास्त कामी येते.

जास्त वर्षं टिकायला हवं, उदाहरणार्थ मोगरा, कढीपत्ता, लिंबू, तर कोल्ड्रिंकचे अॅल्युमिनियमचे कॅन जमवा. जुन्या कात्रीने पट्टी कापा (हातमोजे घाला, कडा ब्लेडसारख्या असतात, कोपरे गोल करा), खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून रिकाम्या बॉलपेनाने दाबून लिहा, अक्षर पत्र्यातच कोरलं जातं. फांदीला बांधायची असेल तर तार सैल ठेवा हं, फांदी जाड होते आणि तार रुतते.

पण सगळ्यात आधी पट्टी कुणाला, तर ज्या कुंड्या रिकाम्या दिसतात त्यांना! हळद, आंबेहळद, सुरण, मे फ्लॉवर लिली, थंडीत पानं वाळली की वर काहीच उरत नाही आणि कंद खाली झोपलेला असतो. आमच्याकडे अशीच आंबेहळदीची कुंडी रिकामी समजून घरातल्यांनी त्यात कोथिंबीर पेरायला घेतली आणि कंद खुरप्याने चिरले गेले, खूप वाईट वाटलं. आत्ता ओळख पटत नसेल तर कंदाचा छोटा तुकडा मोडून वास घ्या, आंबेहळदीला कैरीचा वास येतो, लगेच लिहून टाका.

आणि पट्टी सगळ्या कुंड्यांत एकाच बाजूला खोचायची, मी कठड्याच्या बाजूला खोचते, पानं कितीही माजली तरी हात बरोब्बर तिथेच जातो.