वर्षानुवर्षे बंद असलेली पद्मिनी कशी सुरू करावी

चतुर्थीला घर भरतं, कुणाला तरी चिऱ्यांच्या शेडमधली जुनी प्रीमियर पद्मिनी आठवते, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडली जाते आणि किल्ली फिरते. इंजिनाचं मोठं नुकसान होतं ते याच अर्ध्या मिनिटात. गोव्याचे दहा-बारा पावसाळे आणि खारी हवा खाल्लेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर उरलेला नसतो. पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरलेल्या असतात. सेल्फचा जोर बसला की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडे उठतात, आणि मग रिबोअरिंगशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केल्याशिवाय, इलाज नाही. म्हणून काम काढावं ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. पहिला आठवडा किल्ली खिळ्यालाच असू द्या.

आधी बॅटरी काढा आणि एअर क्लीनर उघडा. आत उंदरांनी नेऊन ठेवलेला काथ्या सापडला, तर वायरिंगही कुरतडलेलं असणार. उघडी तांब्याची तार दिसेल तिथे वायर बदला, नुसती टेप गुंडाळू नका. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. कुंभारमाशीला ही जागा फार आवडते, आणि तिचं मातीचं घर दगडासारखं घट्ट असतं.

आता प्लग. भोवतीची धूळ हवेने उडवा, वायरींवर 1 ते 4 आकडे घाला आणि मगच प्लग खोला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि डिझेल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 20 मिली सोडा, भोकांवर फडकं टाका आणि तीन-चार दिवस गाडीकडे फिरकू नका.

मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. स्टार्टिंग हँडल असेल तर ते लावा, नसेल तर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना. समोर उभं राहून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका दाब द्या. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला हवा, भोवती वळवलेला नको. ही सवय पुढे इंजिन उलटं झटकलं तर हाड वाचवते. इंजिन हललं नाही तर पान्याला लांब पाइप लावून बळ काढू नका. पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा. कधी आठवडा जातो. किंचित हललं की थोडं पुढे, थोडं मागे, असं करत पूर्ण दोन फेरे होऊ द्या. या वेळी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं व्हॉल्व्हचं झाकण, काढून ठेवलेलं असावं. आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का, ते डोळ्यांनी पाहायचं. एखादा खालीच अडकला तर त्याच्या दांड्यावर तेल सोडून रबरी हातोडीने हलके ठोके द्या. तसाच सेल्फ मारला तर पुशरॉड वाकतो.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, बोल्ट हळूच सैल करा. तेलाआधी पाणी गळलं, किंवा तेल दुधाळ चहासारखं आलं, तर ओल आत गेलेली आहे. फिल्टर बदला आणि 20डब्ल्यू-50 मिनरल तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. महागडं सिंथेटिक इथे वाया जातं, कारण हे तेल लवकरच काढायचंच आहे.

पेट्रोलच्या बाबतीत आळस नको. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो आणि टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ असतो, त्यामुळे पहिल्या स्टार्टसाठी टाकी वापरूच नका. दोन लिटर ताजं पेट्रोल एका डब्यात घेऊन नळी थेट इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला जोडा, मध्ये फिल्टर हवाच. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओल खेचतं आणि जुन्या धाटणीचं रबर फुगवतं, म्हणून नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉलला टिकणारे घ्या. डायाफ्राम फाटलेला असेल तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक हुंगली की लगेच कळतं. कार्ब्युरेटरचे जेट क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं आणि गाडी पुढे कायम पेट्रोल पिते.

करंटचं काम सोपं आहे. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी करंट तोडणारे) पॉलिश पेपरने घासून 0.4 ते 0.45 मिमी गॅप ठेवा, प्लगला 0.6, कंडेन्सर नवा. वायरी जोडताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. रेडिएटरमध्ये आधी साधं पाणी भरून रात्रभर ठेवा. वॉटर पंप किंवा होजपाइप गळत असेल तर सकाळी फरशी सांगेल.

आता चार्ज केलेली बॅटरी. प्लग बाहेरच ठेवून, कॉइलची वायर काढून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर विश्रांती. भोकांतून उरलेलं तेल उडेल, ते फडक्यावर घ्या. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत प्लग बसवायचे नाहीत.

सुरू करताना गाडी उघड्यावर हवी आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी. चोक ओढा, सेल्फ मारा. इंजिन लागल्यावर दहा सेकंदांत दिवा विझला नाही तर लगेच बंद करा. पहिली दहा मिनिटं निळसर धूर आला तरी घाबरू नका, आत सोडलेलं तेलच जळतं. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलं. वीस मिनिटं चालवून बंद करा, टॅपेटची गॅप तपासा, आणि 100 किलोमीटरच्या आत तेल पुन्हा बदला. पण ते 100 किलोमीटर ब्रेकचे सिलिंडर खोलून पाहिल्यानंतरचे. उभ्या गाडीत ते इंजिनाइतकेच गंजलेले असतात.