श्रीलंकेची रेल्वे प्लायवर कशी बसवावी

चुका ठोकून आणि त्यांवर लोकर ताणून श्रीलंकेच्या रेल्वेचा नकाशा करायचा आहे. आधी सामान. ३ फूट बाय २ फूट प्लायचा तुकडा (सुताराकडे उरलेला मिळतो, नवा घेऊ नका), अर्ध्या इंची चुका (बारीक खिळे), हलकी हातोडी, दोन-तीन रंगांची लोकर आणि क्रोशाचा बारीक दोरा. लोकर मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणली. बायकोच्या डब्यातली घेऊ नये, हे अनुभवाचे बोल.

मी ३१ वर्षं गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण कोपरीत मला अजून सगळे गार्डकाकाच म्हणतात. देश लहान घ्यायचा तो एवढ्यासाठी की श्रीलंका उत्तर-दक्षिण साधारण ४३० किलोमीटर. १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर धरले की ८६ सेंटिमीटरमध्ये अख्खा देश मावतो. या मापाने आपलं बोरीबंदर ते ठाणे, म्हणजे १८५३चे ३४ किलोमीटर, सात सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. शिवाय तिथला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आपलाच, ५ फूट ६ इंच.

पहिल्या खेपेला नातवाने आजचा नकाशा छापून आणला आणि आम्ही एका दुपारीत सगळी लोकर ताणून टाकली. दिसायला झकास. मग तोच म्हणाला, "आबा, यात आधी काय झालं ते कुठे दिसतंय?" उपटल्या सगळ्या चुका. तेव्हा आजचा नकाशा फक्त जागा शोधायला वापरा. चुका मारायच्या त्या वर्षाच्या क्रमाने, आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं, वाघिणीत माल काय होता? लोकरीचा रंग त्यावर ठरतो.

कोलंबोला पहिली चूक. तपकिरी लोकर घ्या, कारण माल कॉफीचा. डोंगरातली कॉफी बैलगाड्यांनी बंदरावर यायची, ते मळेवाल्यांना परवडेना. २७ डिसेंबर १८६४ला पहिली गाडी अंबेपुस्सापर्यंत गेली, ५४ किलोमीटर. १८६७ला कँडी. मधला कडुगन्नावाचा घाट आला की चुका जवळजवळ मारा, नाहीतर लोकर सरळ ताणली जाते आणि घाट गायब होतो. तिथे मागून ढकलायला जादा इंजिन लावायचे, आपल्याकडे कर्जतला बँकर लागतो तसं.

आता इथे सगळे चुकतात. कँडीवरून लोकर पुढे ओढू नका. कँडी फाट्यावर आहे. मेन लाइन अलीकडे पेराडेनियाला वळते. तिथून नावलपिटिया १८७४, नानुओया १८८५. या तुकड्यात कुठेतरी तपकिरी लोकर संपवून हिरवी जोडायची आहे. कँडीला गाडी पोचली त्याच १८६७ साली जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने लूलेकंडेराच्या मळ्यात चहा लावला. १८६९मध्ये कॉफीवर तांबेरा रोग दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत कॉफी बसली. रूळ कॉफीसाठी टाकले आणि वाहिला चहा! मी गाठ नावलपिटियाला मारली. नातवाला ती नानुओयाला हवी होती. त्याचंही अगदीच चूक नाही.

पुढे बंदारवेला १८९४ आणि शेवटचं बदुल्ला थेट १९२४. या टोकाला डेमोदरा येतं. गाडी डोंगराला वळसा घालून उतरते आणि स्टेशनच्याच खालच्या बोगद्यातून निघते. खऱ्या मापाने ते वेटोळं मिलिमीटरभरही येत नाही, म्हणून इथे माप सोडा. स्टेशनची चूक जरा वर ठेवा, बाजूला तीन चुकांचा गोल करा आणि लोकरीचं टोक सुईत ओवून पहिल्या पदराखालून काढा. नातवाने हे चार वेळा केलं, गरज नसताना.

अविस्सावेल्लाकडे जाणारी केलनी व्हॅली लाइन बारीक दोऱ्याने, कारण ती अडीच फुटी होती. १९९०च्या दशकात रुंद केली, तेव्हा वरून लोकर फिरवा. किनाऱ्याने गॉल १८९४, मातरा १८९५. याच वाटेवर पेरालियाला एका चुकीचं डोकं काळं रंगवा. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामीने तिथे भरलेली गाडी उचलली. हजाराहून जास्त माणसं गेली. लोकर मात्र तोडू नका, दोनेक महिन्यांत लाइन परत सुरू झाली.

उत्तरेला कांकेसंतुराई १९०५. ही लोकर युद्धामुळे १९९०ला कापायची आणि २०१४ला जाफनापर्यंत परत जोडायची, गाठ दिसू द्या. काम आपल्या इरकॉन या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने केलं. तलैमन्नार १९१४, तिथून समुद्रात बारीक दोऱ्याचे तुटक टाके घालत आपल्या तमिळनाडूतल्या धनुष्कोडीपर्यंत जा. ती बोट मेल, आगगाडी आणि आगबोट मिळून. डिसेंबर १९६४च्या वादळात धनुष्कोडी गेलं, तेव्हा ते टाके उसवा, फक्त भोकं राहू द्या. पूर्वेचं त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ १९२८पर्यंत उरकतं.

शेवटी मातराहून बेलिअत्ता, २०१९. पुढे कतरगामापर्यंत न्यायचा बेत आहे, म्हणून बेलिअत्ताची चूक मी अर्धीच ठोकली आहे आणि वीतभर लोकर लोंबती ठेवली आहे. तिच्यात जाळी काढायचा झाडू अडकतो, त्यावरून रोज ऐकून घेतो.