विंडोज अपग्रेडनंतर माऊस बिघडला तर काय करावे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीची नियमित मोफत सुरक्षा अपडेट थांबवली आणि त्या सुमारास सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांच्या कचेऱ्यांपासून घरातल्या अभ्यासाच्या टेबलांपर्यंत पुष्कळ संगणक विंडोज ११ वर गेले. नाशिकमध्ये लहान कार्यालयांचे संगणक सांभाळताना त्यानंतर मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले वाक्य म्हणजे, "दादा, नवीन विंडोज टाकलं आणि माऊस गेला." बहुतेक वेळा माऊस गेलेला नसतो. मात्र घाईत नवा माऊस आणला जातो, तोही तसाच वागतो आणि मग दोष सरसकट विंडोजच्या माथी मारला जातो. मूळ कारण शोधायला सहसा अर्धा-पाऊण तास पुरतो, परंतु त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम हवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर माऊस चालू होईलही, पण तो कशामुळे चालू झाला हे कळणार नाही आणि आठ दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

आधी माऊसशिवाय संगणक चालवता आला पाहिजे

माऊस बंद असताना पुढची प्रत्येक पायरी कीबोर्डवरूनच करावी लागते, म्हणून ही तयारी सर्वांत आधी. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि आय एकत्र दाबल्यास सेटिंग्ज उघडते. टॅबने पुढच्या भागावर, शिफ्ट आणि टॅबने मागच्या भागावर जाता येते, बाणांच्या कळांनी यादीत वर-खाली सरकता येते आणि एंटर किंवा स्पेसबारने निवड करता येते. उजव्या क्लिकचे काम शिफ्ट आणि एफ-१० करतात. चालू खिडकी बंद करण्यासाठी ऑल्ट आणि एफ-४ दाबावे.

कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच असेल, तर आणखी एक चांगली सोय आहे. डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबावे. विचारणा करणारी छोटी चौकट आल्यास एंटर दाबावे. त्यानंतर ८, २, ४ आणि ६ या आकड्यांनी कर्सर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे सरकतो, ५ ने क्लिक होते आणि अधिकच्या चिन्हाने डबल क्लिक. कर्सर सावकाश सरकतो, पण काम अडत नाही.

रीस्टार्ट करावे, आणि त्याच दिवशी आणखी काय बदलले ते आठवावे

पुष्कळ जण सांगतात की संगणक दोनदा बंद करून चालू केला, तरी फरक पडला नाही. येथे एक बारकावा आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय सहसा चालू असते, त्यामुळे शट डाउन केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. माऊसचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि माऊस यांच्यात संवाद घडवणारा छोटा प्रोग्राम, त्यात अडकलेला असेल, तर तो तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून विंडोज कळ आणि एक्स एकत्र दाबावे, कळा सोडाव्यात, मग यू आणि त्यानंतर आर दाबावे. हा रीस्टार्टचा कीबोर्डवरचा मार्ग आहे.

अपग्रेडनंतर पहिले काही तास विंडोज मागे बरेच काम करत असते. फाइलींची सूची नव्याने तयार होते, उरलेली अपडेट उतरतात. जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर या काळात कर्सर अडखळत चालतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तेथे डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर संगणक रात्रभर चालू ठेवून सकाळी पुन्हा पाहावे.

दुसरा प्रश्न मी नेहमी विचारतो तो हा, की अपग्रेडच्या दिवशी आणखी काय झाले? टेबल बदलले का, संगणक पुसण्यासाठी हलवला का, एखादे नवे यंत्र जोडले का? अपग्रेडनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट अपग्रेडमुळेच घडलेली असते असे नाही. माऊस काचेच्या टेबलावर आला असेल, तर ऑप्टिकल सेन्सरला गुळगुळीत काचेवर खुणा सापडत नाहीत आणि कर्सर उड्या मारतो. वर्तमानपत्राची घडी खाली ठेवून पाहिली, की याचा निकाल तत्काळ लागतो.

माऊसची अदलाबदल करून पाहावी

आपला माऊस दुसऱ्या संगणकाला लावावा आणि दुसरा, शक्यतो साधा वायरचा माऊस आपल्या संगणकाला लावावा. आपला माऊस तिकडेही बिघडलेलाच राहिला, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. सेल बदलावेत, खालच्या छिद्रातील धूळ कोरड्या कापसाच्या काडीने काढावी. एकदा क्लिक केल्यावर फाइल आपोआप उघडत असेल आणि हे दुसऱ्या संगणकावरही होत असेल, तर बटणाखालचा छोटा स्विच झिजलेला असतो. तो दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेता येतो. आणि दोन्ही माऊस आपल्या संगणकावर नीट चालत नसतील, तर शोध पोर्ट (संगणकावरची माऊस जोडण्याची खाच), ड्रायव्हर आणि सेटिंग यांकडे वळवावा.

डोंगलची जागा

डोंगल म्हणजे बिनवायरी माऊसचा, संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर. हा भाग मी जरा विस्ताराने लिहितो, कारण याकडे सहसा कोणाचेच लक्ष जात नाही. मागच्या द्राक्ष हंगामात दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाऊसमधून बोलावणे आले. बाहेर क्रेट उतरत होते, प्री-कूलिंगचा पंखा घुमत होता आणि संध्याकाळपर्यंत कंटेनरची पॅकिंग लिस्ट तयार व्हायची होती. हिशेब पाहणाऱ्या ताई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. चौथ्या ओळीवर क्लिक करावे तर कर्सर सहाव्या ओळीवर जाऊन थांबे, मध्येच दोन सेकंद गोठे. विंडोज ११ आदल्याच रात्री टाकलेले होते. रीस्टार्ट झाले, सेल बदलले, काही फरक नाही. मग मी संगणकाच्या मागे डोकावलो. माऊसचा नखाएवढा डोंगल एका निळ्या पोर्टमध्ये होता आणि त्याला अगदी चिकटून, शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये एक बाह्य हार्ड डिस्क. अपग्रेडच्या आधी सर्व माहितीची प्रत घ्यावी म्हणून ती जोडली होती आणि नंतर काढायची राहिली होती. हार्ड डिस्कची वायर काढताक्षणी कर्सर सरळ चालू लागला.

याचे कारण असे, की यूएसबी ३ ची, म्हणजे सहसा निळ्या पोर्टची, जोडणी माहिती पाठवत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण करते आणि बिनवायरी माऊस नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच या अडथळ्याबद्दल सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. उपाय सोपा आहे. डोंगल संगणकाच्या पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये, म्हणजे सहसा यूएसबी २ मध्ये लावावा, किंवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो माऊसजवळ आणावा. अपग्रेडच्या आधी बॅकअप घेणे योग्यच आहे, आणि तो अवश्य घ्यावा. काम झाल्यावर डिस्क सुरक्षितपणे काढून कपाटात ठेवावी, म्हणजे माऊसलाही त्रास होत नाही आणि बॅकअपही सुरक्षित राहतो.

सेटिंग पूर्वीसारखे करावे

माऊस चालतो, पण हाताला वेगळा लागतो, अशी तक्रार असेल तर विंडोज कळ दाबून इंग्रजीत माऊस हा शब्द टाइप करावा आणि एंटर दाबावे. माऊसची सेटिंग्ज उघडतात. कर्सरच्या वेगासाठी १ ते २० अशी पट्टी असते, तिचे मूळ स्थान १० असते. एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन ही सोय चालू असेल, तर हात जितका झपाट्याने हलवावा त्या मानाने कर्सर अधिक दूर जातो. चित्रकाम किंवा आराखड्याचे काम करणाऱ्यांनी ती बंद करून पाहावी, कित्येकांचे समाधान तेवढ्यानेच होते. चाक फिरवल्यावर एका वेळी किती ओळी सरकाव्यात हेही येथेच ठरते आणि मूळ आकडा ३ असतो. डावे-उजवे बटण उलटे झाले असेल, तर प्राथमिक बटणाचा पर्याय तपासावा.

ड्रायव्हर आणि वीजबचत

वरील उपायांनी काम झाले नाही, तरच ड्रायव्हरला हात लावावा. विंडोज कळ आणि एक्स दाबून मग एम दाबल्यास डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब दाबून यादीत जावे, बाणांनी 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस' या ओळीवर यावे आणि उजव्या बाणाने ती उघडावी. आत 'एचआयडी-कम्प्लायंट माऊस' असे काहीसे नाव दिसेल. एंटर दाबल्यावर त्याची माहिती उघडते आणि कंट्रोल व टॅब यांनी ड्रायव्हर या पानावर जाता येते. तेथे 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण वापरता येत असेल, तर आधी ते वापरावे. अपग्रेडनंतर ते पुष्कळदा फिके पडलेले असते, कारण मागचा ड्रायव्हर साठवलेलाच नसतो. अशा वेळी 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे आणि लगेच वर सांगितल्याप्रमाणे रीस्टार्ट करावे. विंडोज माऊस नव्याने ओळखते आणि आपला मूळ ड्रायव्हर बसवते. एक खबरदारी मात्र कसोशीने घ्यावी. या यादीतील कीबोर्ड किंवा यूएसबी हबची नोंद चुकूनही काढू नये, नाहीतर माऊसपाठोपाठ कीबोर्डही जाईल आणि काम खरोखरच अडेल.

पाच-दहा मिनिटे हात न लावल्यावर माऊस झोपी जात असेल आणि डोंगल काढून पुन्हा लावल्यावरच जागा होत असेल, तर कारण वीजबचतीत असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्येच सर्वांत खाली यूएसबी कंट्रोलरची यादी असते. तिच्यातील 'यूएसबी रूट हब' ही नोंद उघडून पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जावे आणि वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी. येथे फक्त खूण काढायची आहे, नोंद जागेवरच ठेवायची आहे. असे हब एकापेक्षा अधिक असतील, तर प्रत्येकासाठी हेच करावे.

ब्लूटूथ माऊसच्या बाबतीत जुनी जोडी मोडून नवी जुळवणे हा पहिला उपाय आहे. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ विभागात जाऊन माऊसची नोंद काढून टाकावी, माऊसच्या पोटावरील बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवावे आणि 'अ‍ॅड डिव्हाइस' निवडावे. लॅपटॉपचा टचपॅडही बिघडला असेल, तर त्याचा आणि ब्लूटूथचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक पाहूनच उतरवावा. इतरत्र मोफत मिळणारे ड्रायव्हर शोधून देणारे प्रोग्राम मी कोणाच्याही संगणकावर बसवू देत नाही.

मागे जाणे

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतता येते. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी या मार्गाने 'गो बॅक' हा पर्याय सापडतो. आपल्या फाइली राहतात, पण अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्राम आणि बदललेली सेटिंग्ज जातात. १० दिवसांनंतर जुन्या विंडोजचा साठा विंडोज स्वतःच काढून टाकते, म्हणून अपग्रेडची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. केवळ माऊससाठी विंडोज १० वर परत जावे असे मला वाटत नाही, कारण सुरक्षेचा प्रश्न माऊसपेक्षा कितीतरी मोठा आहे. साधा वायरचा माऊस त्या संगणकावर चालत असेल, तर तोच जोडावा आणि माऊस किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर येईपर्यंत त्यावरच काम करावे. त्या पॅकहाऊसच्या ताईंच्या टेबलाच्या खणात आता असा एक वायरचा माऊस कायम असतो.